रुग्णालयात काम थांबवण्याचा अधिकार कोणाला?

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या व्हर्जिनिया मेसन या नामांकित रुग्णालयात ६९ वर्षांच्या एका महिलेच्या मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर उपचार चालू होते. क्ष-किरण चित्रात रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून जो द्रव टोचायचा असतो त्याच्याऐवजी त्वचा निर्जंतुक करण्याचे क्लोरहेक्सिडीन तिच्या शरीरात गेले. दोन्ही द्रव पाण्यासारखे रंगहीन होते आणि नावाची चिठ्ठी नसलेल्या सारख्याच भांड्यांत शेजारी शेजारी ठेवलेले होते. पूर्वी तिथे तपकिरी रंगाचे आयोडीनयुक्त द्रावण वापरत असत, त्यामुळे गफलत झाली तरी ती डोळ्यांना दिसली असती. द्रावण बदलताना हा आधार आपण काढून घेत आहोत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती महिला वाचली नाही. रुग्णालयाने मात्र काही झाकून ठेवले नाही. चूक आपली आहे असे त्याने जाहीरपणे सांगितले आणि कुटुंबाची माफी मागितली.

या घटनेपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, जगभरच्या आरोग्यव्यवस्थापनाच्या वर्गांत ‘लीन’ पद्धतीचे, म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या, कामातला अपव्यय आणि दोष शोधून काढण्याच्या पद्धतीचे, आदर्श म्हणून ज्या रुग्णालयाचे नाव आजही घेतले जाते ते हेच. मृत्यू घडला तेव्हा त्याच्या नेतृत्वाने टोयोटाची कार्यपद्धती स्वीकारून दोन वर्षे उलटली होती. तरीही ही चूक झाली, आणि चुकीनंतर ते रुग्णालय ज्या रीतीने वागले त्यातच या पद्धतीचे खरे सत्त्व दिसते असे माझे मत आहे. आपल्याकडे लीनचा विचार मांडला जातो तो बहुधा रांगा कमी करणे, साठा कमी करणे, हेलपाटे वाचवणे आणि त्यातून खर्च आटोक्यात आणणे या क्रमाने. हे सगळे तिच्यातून होऊ शकते, हे खरे. पण ते फळ आहे. मूळ आहे ते सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार देण्यात, आणि तो शब्द ऐकताच वरच्या माणसाने स्वतः त्या जागी धावून येण्यात. हे मूळ रुजवायची तयारी नसेल तर महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयांनी लीनच्या वाटेला जाऊ नये. गेले तर त्यातून फक्त आणखी एक काटकसरीची योजना तयार होईल.

या पद्धतीचा उगम मोटारींच्याही आधीचा आहे. साकिची टोयोडा यांनी असा माग तयार केला की सूत तुटताच तो आपोआप थांबत असे. इचलकरंजी किंवा मालेगावच्या यंत्रमागांवर काम केलेल्या माणसाला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही: तुटलेल्या धाग्यानिशी माग चालत राहिला तर पुढचे सारे कापड वाया जाते, आणि तो दोष जितका उशिरा सापडेल तितका महाग पडतो. पुढे तैइची ओनो यांनी मोटार कारखान्यात हेच तत्त्व माणसांच्या हाती दिले. दोष दिसला की साध्या कामगाराने दोर ओढायचा, पर्यवेक्षकाने तत्काळ तिथे पोहोचायचे, आणि गरज पडली तर सगळा पट्टा थांबवायचा.

याच कंपनीच्या इतिहासातला दुसरा भाग मात्र व्यवस्थापनाच्या भाषणांत अनेकदा गाळला जातो. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, मोठा संप झाला, सुमारे सोळाशे कामगारांना कंपनी सोडावी लागली, आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यानंतरच्या काळात उरलेल्या कामगारांच्या नोकरीची शाश्वती हा त्या व्यवस्थेचा पाया बनला. यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. आपल्या कामातला निरुपयोगी भाग दाखवून दिल्यावर आपलेच पद निरुपयोगी ठरणार असेल, तर कोणताही शहाणा माणूस तो भाग दाखवणार नाही. दोर ओढण्याचा अधिकार आणि नोकरीची हमी या एकाच कराराच्या दोन बाजू आहेत. पहिली घेऊन दुसरी टाकली की करारच मोडतो.

व्हर्जिनिया मेसनच्या नेतृत्वाला हे समजले होते. १९९८ आणि १९९९ या वर्षांत तोट्यात गेलेल्या या संस्थेची सूत्रे २००० मध्ये डॉ. गॅरी कॅप्लन यांनी हाती घेतली. २००२ मध्ये ते वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानमध्ये गेले आणि डॉक्टर मंडळींनी तिथल्या कारखान्यांत प्रत्यक्ष उभे राहून काम पाहिले. परतल्यावर दोन निर्णय झाले. सुधारणेमुळे एखादे काम अनावश्यक ठरले तरी त्यापायी कोणालाही कामावरून काढले जाणार नाही, हा एक. दुसरा असा की, रुग्णाला इजा होऊ शकेल असे काही दिसल्यास कोणत्याही कर्मचाऱ्याने सुरक्षा-इशारा द्यावा, आणि धोका गंभीर असेल तर ते काम तिथेच थांबावे. त्याआधीच डॉक्टरांशी एक लेखी समझोता झाला होता. डॉक्टर म्हणून तुम्हाला मिळणारी स्वायत्तता अमर्याद नाही आणि संस्थेच्या सामाईक पद्धती तुम्हालाही लागू आहेत, असे त्यात स्पष्ट केले होते. ते न रुचल्याने काही डॉक्टर संस्था सोडून गेले. नेतृत्वाची ही किंमत असते आणि ती वरच्या पातळीवर मोजावी लागते, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

इशाऱ्यांची पद्धत सुरू झाली तेव्हा पहिल्या काही महिन्यांत अगदी मोजके इशारे आले. विश्वास बसायला वेळ लागला. २००४ च्या त्या मृत्यूनंतर रुग्णालयाने रुग्णसुरक्षा हेच संस्थेचे सर्वोच्च उद्दिष्ट ठरवले, त्या महिलेच्या नावाने दरवर्षी सुरक्षेचा पुरस्कार सुरू केला, आणि इशाऱ्यांची संख्या वाढत जाऊन पुढे हजारांत पोहोचली. एखाद्या जिल्हा रुग्णालयातून महिन्याला शेकडो धोक्याच्या नोंदी मंत्रालयात येऊ लागल्या तर आपण काय समजू? रुग्णालय बिघडले आहे असे समजून आपण तिथल्या प्रमुखांना नोटीस काढू. खरे तर ज्या रुग्णालयातून एकही नोंद येत नाही त्याचीच काळजी वाटायला हवी, कारण तिथे चुका होत नसतात असे नाही, तिथे त्या बोलल्या जात नसतात.

परिचारिकेच्या या अधिकाराने किती फरक पडतो याचा भक्कम पुरावा टोयोटाशी थेट संबंध नसलेल्या एका प्रयोगातून मिळतो. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांतली एकही गोष्ट डॉक्टरांना अज्ञात नव्हती. नवे होते ते हे की, एखादी पायरी चुकली तर परिचारिकेने डॉक्टरला थांबवायचे आणि प्रशासनाने तिच्या पाठीशी उभे राहायचे. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत इतर उपायांबरोबर राबवली गेली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा नळ्यांमुळे होणाऱ्या रक्तातील जंतुसंसर्गाचे मध्यक प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले. त्या यादीचा कागद आपल्या अनेक रुग्णालयांच्या भिंतींवरही लागला आहे. सिस्टरने सरांना थांबवण्याचा अधिकार त्या कागदाबरोबर आला आहे का, हे तिथल्या सिस्टरलाच विचारावे.

आता दुसरी बाजू, कारण लीनच्या प्रचारकांनी ती पुरेशी मांडलेली नाही. कॅनडातील सस्कॅचवन प्रांताने संपूर्ण आरोग्यव्यवस्थाच लीन करण्याचा घाट घातला. २०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्याच एका सल्लागार कंपनीशी चार वर्षांसाठी सुमारे चार कोटी डॉलरचा करार झाला. प्रांताची लोकसंख्या तेव्हा अकरा लाखांच्या आसपास होती. जपानी तज्ज्ञ विमानाने आणले गेले, परिचारिकांना जपानी संज्ञा शिकवल्या गेल्या, कागदी विमाने बनवण्याचे प्रशिक्षण-खेळ झाले. परिचारिकांच्या संघटनेने तक्रार केली की खाटेपाशी माणसे कमी आहेत हे आम्ही सांगत असताना पैसा सल्लागारांवर जात आहे. करार मुदतीपूर्वीच २०१५ मध्ये संपवण्यात आला. २०१६ मध्ये त्याच प्रांतातील संशोधकांनी आरोग्यक्षेत्रातील लीनच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा रुग्णांचे समाधान आणि उपचारांचे निष्पन्न यांच्याशी लीनचा लक्षणीय संबंध आढळला नाही. कर्मचाऱ्यांच्या समाधानाशी असलेला संबंध तर नकारात्मक निघाला. त्याच वर्षी खुद्द व्हर्जिनिया मेसनच्या अचानक झालेल्या तपासणीत अनेक त्रुटी सापडल्या आणि त्याच्या मान्यतेवर अटी लादल्या गेल्या.

या पुराव्याकडे दुर्लक्ष करून लीनची भलामण करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मी त्यातून असा अर्थ घेतो की, ज्या अभ्यासांची सरासरी काढली गेली त्यांतील पुष्कळ ठिकाणी लीनची अवजारे गेली होती, अधिकार गेला नव्हता. रंगीत पट्ट्या आखल्या, कपाटांवर नावे लावली, वाया जाणारी मिनिटे मोजली. पण सल्लागार निघून गेल्यावर मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यातले नाते पूर्वीचेच राहिले. जे वरून आदेशाने आले ते आदेश देणारा बदलताच विरून गेले यात नवल नाही. व्हर्जिनिया मेसनची तपासणी आणखी एक गोष्ट सांगते: ही पद्धत एकदा मिळवून भिंतीवर टांगण्याचे प्रमाणपत्र नाही, ती रोजच्या रोज राखावी लागते.

पैशाचा प्रश्नही सरळ नाही. व्हर्जिनिया मेसनमध्ये पाठदुखीचे रुग्ण पूर्वी तज्ज्ञांकडे आणि एमआरआयकडे फिरत राहत. आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या स्टारबक्ससारख्या मोठ्या कंपन्या आणि विमा कंपनी यांच्या दबावामुळे रुग्णालयाने हा मार्ग तपासला आणि लक्षात आले की बहुतेकांना त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला दाखवले तर पुरते. रुग्ण लवकर बरे होऊन कामावर जाऊ लागले, आणि रुग्णालयाचे उत्पन्न घटले, कारण विम्याचा पैसा एमआरआयला मिळत होता. अखेर विमा कंपनीने फिजिओथेरपीचा दर वाढवून दिला तेव्हा ती सुधारणा टिकली. आपल्याकडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत लीनचे प्रकल्प होतात ते डिस्चार्जला लागणारा वेळ कमी करण्याचे, म्हणजे खाट लवकर रिकामी करण्याचे. अनावश्यक तपासणी हाच सर्वांत मोठा अपव्यय असताना तो शोधण्याचे प्रकल्प दुर्मीळ का, याचे उत्तर या उदाहरणात आहे.

सार्वजनिक रुग्णालयांत अपव्यय कुठे आहे हे पाहायला गेले की एक विचित्र गोष्ट आढळते. रुग्णालयाच्या हिशोबात तो दिसतच नाही, कारण तो रुग्णाच्या नातेवाइकाच्या खांद्यावर टाकलेला असतो. केसपेपरच्या रांगेत पहाटेपासून उभा राहतो तो नातेवाईक. रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेत नेऊन देणारा, रिपोर्टसाठी पुन्हा जाणारा, स्ट्रेचर ढकलणारा, औषध नाही म्हणून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात धावणारा, रात्री वॉर्डाबाहेर जमिनीवर झोपणारा तोच. त्याची बुडालेली मजुरी कोणत्याही ताळेबंदात येत नाही. कर्मचाऱ्यांची पावले आणि मिनिटे मोजून एखाद्या तज्ज्ञाने अहवाल दिला, तर आपले रुग्णालय फार काटेकोर चालते असा निष्कर्ष निघेल, आणि तो पूर्णपणे खोटा असेल. म्हणून आपल्याकडे मोजणी सुरू करायची ती नातेवाइकाबरोबर चालून. तो दिवसभरात किती खिडक्यांवर गेला, किती वेळा त्याला ‘उद्या या’ सांगितले गेले, किती पैसे बाहेर गेले, ही पहिली नोंद. ती अधिष्ठात्यांनी स्वतः करावी. कारकुनाकडून मागवलेली माहिती आणि स्वतः पायांनी चालून मिळवलेली माहिती यांत फार अंतर असते.

औषधांचेच घ्या. वॉर्डाने जे वापरले तेवढेच भरून द्यायचे, वरून अंदाजाने ढकलायचे नाही, हे या पद्धतीचे मूलभूत तत्त्व आहे. भारतात ते जपानी नावाशिवाय तामिळनाडूने अमलात आणले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक दिले. ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत दवाखाना जिल्ह्याच्या गोदामातून आपल्या गरजेप्रमाणे औषधे उचलतो. महाराष्ट्रात खरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, तुटवड्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळे खरेदी प्राधिकरण निर्माण करावे लागले. यंत्रणेचे नाव बदलल्याने वॉर्डातली सिस्टर इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, लिहिते तेव्हा तिचा शब्द गोदामापर्यंत किती दिवसांत पोहोचतो हे बदलले का, एवढ्या एका प्रश्नावर त्या प्राधिकरणाची परीक्षा व्हावी.

२०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे आणि मनुष्यबळ पुरेसे होते की नव्हते यावर वाद झाला. त्यानंतर काही दिवसांतच एका खासदारांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. स्वच्छतागृह घाण होते हे खरेच असेल, आणि त्याबद्दलचा संतापही मी समजू शकतो. पण प्रमुखाने जागेवर जाणे आणि प्रमुखाला जागेवर नेऊन अपमानित करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या अधिष्ठात्याने हे सोसले तो उद्या कोणत्याही सिस्टरकडून वाईट बातमी ऐकायला उत्सुक असेल का? आणि ‘प्रभारी’ हा शब्दही नजरेआड करू नये. ज्याच्याकडे पदाची शाश्वती नाही त्याच्याकडून आपण दहा वर्षे पुरेल अशी कार्यपद्धती उभारण्याची अपेक्षा करतो.

भंडारा जिल्हा रुग्णालयातही हाच क्रम दिसला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या दक्षता कक्षाला आग लागून १० बालके गेली. चौकशी झाली, निलंबने झाली, कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपवल्या गेल्या. ज्यांनी कर्तव्यात कसूर केली त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. मृत बालकांच्या आईवडिलांना तो हक्क आहे. मात्र कारवाई हीच जेव्हा व्यवस्थेची एकमेव प्रतिक्रिया उरते, तेव्हा राज्यातली प्रत्येक सिस्टर त्यातून एक धडा घेते: यंत्रात बिघाड दिसला तर लेखी काही देऊ नये, कारण नंतर तोच कागद आपल्याविरुद्ध वापरला जाईल. शिक्षेच्या भीतीने माहिती खालीच दबते, आणि दबलेली माहिती पुढच्या दुर्घटनेचे कारण होते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो रुग्णालयात काम करणाऱ्यांकडूनच. पदे रिक्त असताना, एका सिस्टरकडे दोघींचे काम असताना, रेसिडेंट डॉक्टर सलग कामाने थकलेले असताना, कसली लीन पद्धत? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. उलट मी म्हणेन की रिक्त पदे भरण्याचे वेळापत्रक जाहीर केल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयात हा प्रयोग सुरूच करू नये, कारण तसे केल्यास तो पदे न भरण्याची सबब ठरेल आणि कर्मचारी त्याकडे योग्य कारणाने संशयाने पाहतील. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचे उदाहरण यासाठी लक्षात घ्यावे. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलेली ही संस्था मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने करते, निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा अल्प दरात उपचार करते, आणि एक शल्यविशारद दोन टेबलांवर आळीपाळीने काम करतो. हे जमते ते माणसे कमी करून नव्हे. ग्रामीण भागातील मुलींना दीर्घ प्रशिक्षण देऊन प्रत्येक डॉक्टरामागे कुशल सहकाऱ्यांचा मोठा संच उभा केल्यामुळे. अर्थात एकसारख्या शस्त्रक्रियेला जे लागू पडते ते ताप, सर्पदंश आणि बाळंतपण एकाच रात्री येणाऱ्या ग्रामीण रुग्णालयाला जसेच्या तसे लागू होणार नाही, हेही सांगायला हवे.

मग सुरुवात कुठून करावी? माझ्या मते राज्यातल्या दोन-तीन जिल्हा रुग्णालयांत, सल्लागारांच्या ताफ्याशिवाय, केवळ इशाऱ्याच्या अधिकारापासून. सिस्टर, मामा, मावशी, रेसिडेंट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांपैकी कोणीही धोका नोंदवू शकेल. गंभीर धोक्यावर रुग्णालयप्रमुख त्याच दिवशी त्या जागी जातील. किती नोंदी आल्या आणि त्या मिटायला किती दिवस लागले हे दरमहा लोकांसमोर ठेवले जाईल, आणि नोंदी वाढल्या म्हणून कोणाला जाब विचारला जाणार नाही. हेतुपुरस्सर केलेला निष्काळजीपणा आणि प्रामाणिकपणे कळवलेली चूक यांत नियमानेच भेद करावा. प्रमुखांना किमान तीन वर्षे त्याच जागी ठेवावे. आणि कंत्राटी परिचारिकेने दिलेल्या इशाऱ्याच्या कारणावरून तिच्या कराराचे नूतनीकरण नाकारता येणार नाही, हे कलम परिपत्रकात न ठेवता तिच्या करारातच लिहावे, म्हणजे ते वाचायला तिला कोणाची परवानगी घ्यावी लागणार नाही.